माणिक गुरुजींची चाल

३ नोव्हेंबर

वैदेही हो म्हणाली!

वैदेही म्हणजे समोरच्या यशोधनची बायको. यशोधन इथं वनखात्यात. ही मूळची साताऱ्याची, लग्नाआधी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. इकडं मध्य प्रदेशात, बालाघाटला आल्यापासून घरीच. आज चहाला आली आणि शेवटी मी बोलून टाकलं, किती दिवस मनात घोळत होतं ते. माणूस म्हातारा होतो, शाळेतली कविता विसरतो. शब्द जातात, चाल राहते. मग त्यानं मोबाइलपुढं नुसती चाल गुणगुणावी आणि मोबाइलनं अख्खी कविता काढून द्यावी! असं अ‍ॅप. आपली स्वतःची कंपनी!

वाटलं, हसेल. बिस्कीट कपात बुडवता बुडवता थांबली. "चालीवरून कविता... अवघड आहे काका. पण होईल."

एक मात्र आहे. तिनं नागपूरला नोकरीसाठी अर्ज केलाय. संक्रांतीच्या सुमारास बोलावतील. तोवर उभं राहिलं तर राहिलं. ती गेल्यावर माझ्याच्यानं त्यातलं एक बोटभरही पुढं सरकणार नाही — तिलाही ठाऊक, मलाही.

कमला आतून म्हणाली, "फोटो पाठवाले शेजाऱ्याले हाका मारता, अन् कंपनी काढून राह्यले!"

हौ, काढून राह्यलो!

७ नोव्हेंबर

वैदेहीनं आज प्रश्न विचारले. फोन उघडल्यावर आधी काय दिसेल? चाल ओळखता आली नाही तर फोननं काय म्हणायचं? दोन कविता जुळल्या तर कोणती दाखवायची?

मी तिला माझी कटंगीची शाळा सांगितली. धानाच्या बांधावरून यायचो, पाय ओले, खिडकीतून धुकं वर्गात शिरायचं. माणिक गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे आणि कविता सुरू व्हायची. मराठी पुस्तकं महाराष्ट्रातल्या तुमसरहून बसच्या टपावर बांधून यायची. चौथीपर्यंत मी समजत होतो, कविता तुमसरला पिकतात!

छान ऐकते पोरगी. मग म्हणाली, "सुंदर आहे काका. पण यातलं मी यंत्राला काय सांगू?"

सिंचनाच्या ऑफिसात जन्म गेला, तिथं असं कोणी विचारलं नव्हतं.

११ नोव्हेंबर

एक कळलं. मला जे डोंगराएवढं वाटतं ते तिच्यासाठी चिमूटभर. घाबरत घाबरत म्हटलं, पडद्यावर धानाचं शेत दिसेल का? चहा निवायच्या आत दिसलं. आणि मग सहज म्हटलं, दोघं मिळून गुणगुणले तरी ओळखावं, एवढं करून टाक. "काका, 'एवढं' करायला वर्ष जाईल."

आता काही मागताना जीभ अडखळते. लहान काय, मोठं काय — या वयात पुन्हा पहिलीत येऊन बसलो.

१२ नोव्हेंबर

धुकं. दुपारपर्यंत काहीच केलं नाही. छान केलं.

१७ नोव्हेंबर

कटंगीला जाऊन आलो. यंत्राला आधी कविता ऐकवाव्या लागतात, मग ते ओळखायला शिकतं — वैदेहीनं सांगितलं होतं. वर्गमित्र दादाजीच्या अंगणात जमलो. दादाजी, पुनाराम, विमलाबाई आणि मी. एका वर्गातले उरलेले एवढेच.

पुनाराम म्हणे, "काहून बे प्रभाकर, गुरुजींचा गृहपाठ आत्ता करून राह्यला का?"

विमलाबाई आधी नाहीच म्हणाल्या. "मले कुठं येते आता." मग डोळे मिटले आणि सुटल्या! नदीची कविता, मोराची, चंद्राची, बैलाच्या घुंगरांची. शब्द गळाले तिथं नुसतं गुणगुणणं. आम्ही तिघं मागून. फोन खाटेवर ठेवलेला, ऐकत. खळ्यावर मळणी चाललेली, हवेत धानाचा भुसा. क्षणभर वाटलं, आता गुरुजी येतील आणि विमलाबाईंनाच पुन्हा शाबासकी देतील.

दादाजीची नात विचारते, "ये कौन सा गाना है?"

"गाना नहीं, कविता. अपनी भाषा की."

"अच्छा, अपनी भी है?"

२६ नोव्हेंबर

डोळ्यांपुढं सारखं एकच येतं. नोकरीपायी बाहेर गेलेले आपले लोक. भिलाईला, रायपूरला, जबलपूरला. म्हातारे झालेत. संध्याकाळी बागेत बाकावर बसलेत, बोलायला कोणी नाही. खिशातून फोन काढतात, ओठांशी धरतात, गुणगुणतात. आणि फोनच्या काचेवर एकेक ओळ उजाडत जाते...

कमलानं हाक मारली. दूध उतू गेलं होतं. शेगडीपाशी मीच उभा होतो म्हणे.

८ डिसेंबर

आज चाचणी. वैदेहीला घेऊन कटंगीला गेलो. बाजाराचा दिवस, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तरी ती उत्साहात होती. पुन्हा दादाजीचं अंगण.

दादाजीनं नदीची कविता गुणगुणली. फोन म्हणाला — मोराची. पुनारामनं चंद्राची गुणगुणली. फोन म्हणाला — मोराची. विमलाबाईंनी घुंगरांची. पुन्हा मोरच!

पुनाराम मांडीवर थाप मारून म्हणाला, "याले मोरच आवडते बा!" सगळे हसून लोळले. मीही. वैदेही हसली नाही.

परतीची बस धरली. वारासिवनी गाव मागं पडल्यावर वैदेही म्हणाली, "काका, तुमच्या सगळ्या कवितांची चाल एकच आहे."

"हौ. गुरुजींना एकच चाल येत होती."

"मला सांगितलं नाहीत."

"त्यात सांगाचं काय? सगळ्यांले माहीत आहे!"

"सगळ्यांना म्हणजे कोणाला, काका?"

बसमधल्या एवढ्या माणसांत मला एकही दाखवता येईना.

म्हणाली, रेकॉर्डिंग ऐकताना तिला सगळ्या चाली सारख्याच वाटत होत्या. पण तिला वाटलं, म्हातारे आवाज आहेत, सूर हलत असेल. विचारायला संकोच वाटला. एवढ्या दिवसांची मेहनत! माझ्या न सांगण्यात गेली अर्धी, अर्धी तिच्या न विचारण्यात.

९ डिसेंबर

सकाळपासून एकेक कविता मोठ्यानं म्हणून पाहिली. खरंच एक चाल! पण नदीच्या वेळी ती वाहते, मोराच्या वेळी पिसारा फुलवते, चंद्राच्या वेळी हळूहळू वर चढते. मला कधी एक वाटलीच नाही. जन्मभर वाटलं, गुरुजींकडं चालींचं पोतं आहे.

कमला बैहरची, शाळा हिंदी. या कविता ती फक्त माझ्या तोंडून ऐकत आली. परात घासता घासता म्हणाली, "मले तं वाटे, एकच कविता आहे. लई लांब."

१९ डिसेंबर

नागपूरचं बोलावणं आलं. संक्रांत झाली की रुजू व्हायचं. वैदेहीनं स्वतः येऊन सांगितलं, पेढा दिला. कमलानं तिची दृष्ट काढली. मी अभिनंदन म्हटलं, नीट म्हटलं. ती गेल्यावर पेढा तसाच हातात होता.

उद्या सांगून टाकतो — आता यात वेळ घालवू नको, बंद करू.

२१ डिसेंबर

सांगायला गेलो, तर तिनं ओठांवर बोट ठेवून मला दारातच थांबवलं. फोन समोर धरून ती गुणगुणत होती. तीच नदीची कविता! पण वेगळीच. झोक्यासारखी, टोकाला जाऊन परत येणारी. त्यांच्या साताऱ्याच्या बाईंनी लावलेली चाल म्हणे.

फोन म्हणाला — ओळखीची नाही.

मग मला म्हणाली, तुम्ही गुणगुणा. कुठलीही. मी गुणगुणलो. दादाजीशी जुळली, पुनारामशी, विमलाबाईंशी.

"काका, चुकलं कुठं आपलं? चालीवरून कविता नाही सापडत. शाळा सापडते! कोण कोणाच्या वर्गात बसलं होतं ते सापडतं!"

मी उंबऱ्यावरच बसलो. बंद करू म्हणायला आलो होतो, ते राहूनच गेलं.

जाणार आहेच ती. पण तोवर हात चालवते म्हणाली.

४ जानेवारी

राजेगावला गेलो, दुसऱ्या शाळेची चाल आणायला. भोजराज नावाचे गृहस्थ भेटले, धानाची गाडी उतरवत होते. मी कारण सांगितलं तर आधी खालीवर बघितलं. "बँकेवाले तं नाही ना?"

मग गायले. "आमचे गुरुजी घाईचे बा. कविता म्हणजे पळत सुटाचं!" आणि खरंच पळाले, मोर आणि नदी दोघांना घेऊन. मी धापा टाकत ऐकलं, फोनमध्ये भरून घेतलं.

आल्यावर वैदेहीनं फोनला शिकवलं. मग भोजराजांना फोन लावून पुन्हा गायला लावलं. पडद्यावर उमटलं — राजेगाव!

आता फोनला दोन शाळा येतात. मला एकच येत होती.

१५ जानेवारी

वैदेही आज गेली. तिळगूळ दिला. बसच्या खिडकीतून ओरडून सांगत होती, "काका, लाल बटण दाबू नका, सगळं पुसलं जाईल!"

ती वळणाआड जाईपर्यंत उभा राहिलो. अ‍ॅप सुरू आहे, कोणालाही आपल्या फोनवर घेता येतं. कंपनीत आता मी, कमला आणि लाल बटण.

२३ जानेवारी

भिलाईहून एकानं गुणगुणलं! अनोळखी माणूस. फोन म्हणाला — कटंगी! दादाजीचा नंबर त्याला दिला. तो आमच्या दोन वर्ग खालचा निघाला. दुपारभर दोघं बोलत होते. दादाजी मला म्हणाला, "काही बोललोच नाही बे. गुरुजींचीच नक्कल करून राह्यलो होतो दोघंबी."

वैदेहीला कळवलं. तिनं नागपूरहून टाळ्यांचं चित्र पाठवलं. मग लिहिलं, रविवारी बसून पुढचं करते. उगीच तळमळत होतो!

२ फेब्रुवारी

वैदेहीचा फोन. ऑफिसातून खोलीवर जाताना सहज गुणगुणली. त्यांच्या साताऱ्याच्या बाईंची नदी. यंत्र म्हणालं — कटंगी.

मी म्हटलं, चुकलं असेल.

"नाही काका. पुन्हा पुन्हा म्हणून बघितली. दरवेळी तुमच्या गुरुजींचीच येते. आमच्या बाईंची आठवतच नाहीये."

"मग त्या दिवशी दारात गायलीस, ती?"

"ती नुसती तपासायला होती. रेकॉर्डिंग ठेवलं नाही."

हसत होती. मग बाईंची चाल शोधत पुन्हा गुणगुणली, निघाली गुरुजींचीच.