पाणी आलं, एवढंच ओरड

ती. दमयंतीअक्कास वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढा).

तुझा दमा कसा आहे? नाशकात तुझ्या सोसायटीत नळ केव्हाही सोडला तरी पाणी येतं, असं तुझा चिन्मय सांगत होता. माझा विश्वास बसला नाही, पण तू सुखात आहेस याचा आनंद आहे.

इकडं आपल्या घरच्या नळाचे मालक दोनदा बदलले. महापालिकेचा तो कंपनीचा झाला आणि कंपनीचा पुन्हा महापालिकेचा. कंपनी आली तेव्हा पाणी विकायला काढलं म्हणून मी मोर्चात सर्वांत पुढं होतो, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन. (निषेध म्हणून रिकामा नव्हे, घरात पाणीच नव्हतं.) चालता चालता कंपनीच्या तक्रार केंद्राला फोनही लावला. तिथली सोनिया नावाची मुलगी फार गोड बोलायची. मागं तिच्याच कंपनीविरुद्ध घोषणा चालू होत्या, तरी तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पाणी मात्र आलं नाही. पुढं कंपनी गेली, मी गल्लीत पेढे वाटले आणि संध्याकाळी सवयीनं तोच नंबर फिरवला. तो बंद होता. जरा वाईट वाटलं.

आता व्हॉल्व्ह सोडायला पुन्हा आपला रामकिसन येतो. पाणी कधी येणार विचारलं तर म्हणतो, "येतंय की काका, कुठं जातंय?" ते कुठं जातंय हेच तर कुणाला माहीत नाही. त्यामुळं ज्यानं त्यानं बोअर घेतला, टँकर लावला, गच्चीवर टाक्या चढवल्या. आता गल्लीतलं प्रत्येक घर स्वतंत्र कंपनी आहे आणि कुणी कुणाच्या दारात जात नाही. कोपऱ्यावरचा सरकारी नळ आठवतो? तू पहाटे रांगेत असायचीस आणि धार लागली की तिथूनच ओरडायचीस, "व्यंक्या, पाणी आलं रे!" मीच काय, अख्खी गल्ली उठायची. गोजरबाई रोज तुझ्याशी भांडायची आणि भांडता भांडता तुझीच कळशी उचलू लागायची. आता मोबाइलवर मेसेज येतो. ही गेल्यापासून तो वाचून दाखवायलाही घरात कुणी नाही.

तब्येत सांभाळ.
तुझा व्यंकट

ता.क. महापालिका बरी की कंपनी, असं तू विचारलं होतंस. पाणी महापालिकेचं बरं, चौकशी कंपनीची.

ता.क. दुसरा. गुरुवारी आपल्या गल्लीची पाळी आहे. नळाला धार लागली की मी तुला मिस्ड कॉल देईन. तू लगेच उलटा फोन कर आणि पूर्वीसारखं एकदाच ओरड. दम्याला झेपेल तेवढंच.