हळदीचं बोट आणि रामूचं नाव

"कागद ने बाय, पन माजं नाव कुठं यायला नको. आमाला याच गावात ऱ्हायाचं हाय."

हे वाक्य हौसाबाई मोकल यांनी मला २०१६ सालच्या दसऱ्यानंतर आठवड्याभरानं, उरणच्या वाटेवरच्या त्यांच्या खाडीकाठच्या गावात, ओटीवर बसून सांगितलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं माझ्या वकील प्राची भगत म्हणाल्या. आधी नाव, वय, पत्ता, मग मनाची स्थिती. मी म्हटलं, माझ्या मनाची स्थिती याच वाक्यावर उभी आहे. त्या म्हणाल्या, "बरं, लिहा. पण दुसऱ्या परिच्छेदात तरी कायद्यात या."

तर मी, विनिता अरविंद दिघे, वय ४६, व्यवसाय पूर्वी पत्रकारिता व आता पटकथालेखन, राहणार नवीन पनवेल, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे, माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि मी कोणत्याही औषधाच्या अंमलाखाली नाही. येत्या २७ तारखेला माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, धोका फारसा नाही. या 'फारसा' शब्दामुळे हा कागद आज होतो आहे, नाहीतर मी आणखी नऊ वर्षं टाळलं असतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. नवीन पनवेलमधला माझा एका खोलीचा फ्लॅट, त्यातल्या सर्व वस्तू, बँकेतली शिल्लक आणि आईच्या दोन पाटल्या मी माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी सई हिला देते. सई, स्वयंपाकघराची खिडकी बंद करताना कडी आधी वर उचल, मग ओढ. शेजारच्या कोमलताईंकडे किल्ली असते, ती त्यांच्याकडेच राहू दे.

तू पत्रकारितेला प्रवेश घेतलास, तो माझा सिनेमा पाहून. चित्रपटगृहाबाहेर तू मला विचारलंस, "मावशी, ती सिनेमातली बातमीदार म्हणजे तूच ना?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. म्हणून पुढचं कलम तुझ्यासाठीही आहे.

कलम २. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात तडकलेल्या काचेचा एक जुना मोबाईल आहे. चार्जर त्याच्याभोवतीच गुंडाळलेला आहे. तो फोन, त्यातल्या सर्व संदेशांसह, मी रामू लक्ष्मण घरत, राहणार नेरे, यांना देते. त्याची बाजारात काहीच किंमत येणार नाही. रामूचा त्यावर काय हक्क, हे मला सविस्तर लिहिणं भाग आहे.

२०१६ मध्ये मी पनवेलच्या एका दैनिकात बातमीदार होते. रामू तिथे संगणकावर पानं लावायचा. हौसाबाई त्याची सख्खी आत्या. त्यांच्या गावातल्या मिठागराची जमीन तिथले पुढारी प्रणितशेठ यांनी जावयाच्या कंपनीच्या नावावर करून घेतली होती. त्यासाठी वापरलेल्या मुखत्यारपत्रांवर चार अशा माणसांचे अंगठे होते, जी त्या तारखेच्या कितीतरी आधी वारली होती. त्यातले एक हौसाबाईंचे यजमान, काशिराम. हौसाबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण नवरा मेल्याचं वर्ष त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी दसऱ्याआधी घरोघर फिरून चारही कागद स्वतःच्या घरी जमवले आणि दसरा झाल्यावर मला दिले.

आमच्या कामात एक रीत आहे. कोणावर आरोप छापायचा तर आधी त्याची प्रतिक्रिया घ्यायची. रीत चांगलीच आहे. मी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी प्रणितशेठना एका कागदाचा फोटो पाठवला. काशिरामांचा कागद मी मुद्दाम टाळला, दुसऱ्याच एका मयताचा निवडला, म्हणजे हौसाबाईंकडे बोट जायला नको. फोटोत वरच्या कोपऱ्यात एक पिवळा डाग होता. मला तो आमटीचा वाटला.

पाचच्या सुमारास शेठचा फोन आला. आवाजात राग अजिबात नव्हता.

"मॅडम, जेवलात का?"

मी म्हटलं, प्रतिक्रिया हवी आहे.

"लिवा की, आरोप बिनबुडाचे हायत. पन तुमी शेरातल्या मानसा, म्हनून सांगतो. तो डाग नाय, हळदीचं बोट हाय. दसऱ्याला आमी फावड्याबरोबर जमिनीच्या कागदांची पन पूजा करायचो. आता गावानं कागद प्लास्टिकात घातले. बोट लावनारं एकच घर ऱ्हायलंय." मग म्हणाले, "म्हातारीला सांगा, प्रणितनं नमस्कार सांगितलाय."

त्या वेळी रामू ऑफिसात आलेलासुद्धा नव्हता. त्याची पाळी साडेसहाला सुरू व्हायची. या बातमीचं पान त्यानं लावायला घेतलं साडेसात वाजता.

मी तेव्हाच हौसाबाईंना कळवायला हवं होतं. बातमी थांबवायला हवी होती, निदान त्यांना विचारायला हवं होतं. मी बातमी पूर्ण केली. पहिल्या पानावर, माझ्या नावानं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. तिसऱ्या दिवशी हौसाबाईंचा मुलगा परेश याचं बंदरावरचं कंत्राटी काम गेलं. गेटवर त्याचा पास काढून घेतला, कारण कोणी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी हौसाबाईंनी गावासमोर अंगठा देऊन लिहून दिलं की आपण कोणालाही कागद दिलेले नाहीत. आठव्या दिवशी आमच्या दैनिकानं खुलासा छापला. मग संपादकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"नाव आपल्या ऑफिसातून फुटलं," ते म्हणाले. "पान कोणाच्या मशीनवर होतं?"

सगळे रामूकडे पाहत होते.

"रामू, गाव कोणतं रे तुझं?"

"सर, ती माजी आत्या हाय. मी कशाला सांगेन?"

"म्हणूनच तुला माहीत होतं ना, कागद कोणाचे आहेत ते."

रामूनं माझ्याकडे पाहिलं. आरोप करायला म्हणून नाही. मी जाणती, शिकलेली, मी काहीतरी बोलेन, असं वाटून पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायले. त्याला त्याच संध्याकाळी काढलं. नाव रामूनं फोडलं, ही गोष्ट तो घरी पोचायच्या आधी हौसाबाईंच्या गावात पोचली.

या कलमाचा कायदेशीर अर्थ असा की हौसाबाईंचं नाव रामूनं फोडलं नाही, मी फोडलं. चार बाराचा संदेश आणि पाचच्या फोनची नोंद, दोन्ही त्या मोबाईलमध्ये आहेत. मी ते कधी पुसले नाहीत आणि कधी कोणाला दाखवलेही नाहीत. फोन आधी चार्जिंगला लावून ठेवावा, लगेच सुरू होत नाही.

कलम ३. २०१९ मध्ये मी खरं सांगायला हौसाबाईंकडे गेले होते. हे लिहिणं आवश्यक आहे, कारण मला संधी मिळाली नाही असं कोणाला वाटू नये. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. परेश तेव्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर जात होता. मी विचारलं, रामू येतो का?

"त्याचं नाव काडू नको. माज्या भावाचा पोर, माज्या हातचा खाऊन वाडला. उंबऱ्यात पाय नाय ठेवू देनार." मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "तू का थांबलीस? जेव ना. तू तर आमच्यासाठी एवडा लिवलास."

मी दुसरी भाकरीही खाल्ली.

कलम ४. 'खाडीपलीकडची बातमी' या चित्रपटाच्या पटकथेसाठी मला मिळालेलं राज्य पातळीवरचं सन्मानचिन्ह मी कोणालाही देत नाही. ते मोडीत काढावं. सईनं ते शोकेसमध्ये ठेवू नये.

सिनेमा वास्तववादी आहे असं सर्वांनी लिहिलं. कचेऱ्या खऱ्या वाटतात, पुढाऱ्याची भाषा खरी वाटते, मिठागरं तर खरीच आहेत. त्यात एक पानं लावणारा कामगार आहे, शामू. तो मोटरसायकलसाठी पान पुढाऱ्याला विकतो. दिग्दर्शकानं मला विचारलं होतं, "नाव फुटतं ते कोणामुळे?" मी क्षणभरही थांबले नाही. इतकं सहज मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही. आठ वर्षं मनात सराव चालू असणार. चित्रपटगृहात शामू पैसे घेतो तिथे लोक शिव्या देतात. मी चार वेळा ऐकलं.

सिनेमाच्या शेवटी पुढाऱ्याला अटक होते. खरे प्रणितशेठ माझ्या सत्काराचे अध्यक्ष होते. भाषणात म्हणाले, "मॅडमनी आमाला पन सिनेमात घेतलंय, मानधन तेवडं दिलं नाय." लोक हसले. शाल घालताना मात्र कानाशी म्हणाले, "त्या मशीनवाल्यावर ढकललंत, बरं केलंत. गोष्ट सरळ झाली."

त्या सत्काराचा फलक नेऱ्यातल्या एका दुकानात छापला होता. आयोजकांनी मला फोटो पसंत करायला तिथे नेलं. दुकान रामूचं निघालं. नऊ वर्षांत केस पुढून विरळ झाले आहेत, बाकी तसाच.

"मॅडम, फोटो मोठा टाकलाय. नावात काय चूक नाय ना, बघून घ्या."

मी म्हटलं, सिनेमा पाहिलास का?

"बघितला. माजी दिपिका विचारत व्हती, बाबा, तुमी पन असेच मशीनवर बसायचात ना?"

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगनार? म्हटलं, बसायचो."

तो पुन्हा संगणकाकडे वळला आणि माझ्या नावाची अक्षरं थोडी ठळक केली.

कलम ५. निर्मात्यांशी झालेल्या करारानुसार मला सिनेमात बदल सुचवण्याचा हक्क नाही. तरीही प्राची भगत यांनी त्यांना लेखी कळवावं की शामूचं पात्र खोटं आहे, ते मी स्वतःला वाचवण्यासाठी रचलं, आणि सिनेमाच्या सुरुवातीला तशी पाटी लावावी. माझी सही असलेलं पत्र सोबत जोडलं आहे. कलम २ मधला मजकूर पनवेलच्या कोणत्याही वर्तमानपत्राला छापायचा असल्यास हौसाबाईंना विचारून छापू द्यावा. प्रणितशेठची प्रतिक्रिया घ्यावी. फोटो पाठवू नये.

कलम ६. हौसाबाईंच्या चार कागदांपैकी एक, काशिराम मोकल यांच्या नावाचा, माझ्याकडे राहिला आहे. तो परत करायचा आहे. त्याला मी वाटणी म्हणत नाही, कारण तो कधी माझा नव्हताच.

कलम ७. माझ्या तेव्हाच्या संपादकांना मी काही देत नाही. इथे मी बराच राग लिहिला होता, तो काल खोडला. त्यांनी चुकीचा प्रश्न विचारला, पण बरोबर उत्तर त्या खोलीत फक्त माझ्याकडे होतं.

कलम ८. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी ॲड. प्राची भगत यांना नेमते. मसुदा वाचून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही गेल्यावर हे उघडायचं, आणि तुम्ही तीस वर्षं जगलात तर? हौसाबाई आत्ताच पंचाहत्तरीच्या आहेत." मेल्यावर खरं बोलायची सोय मी करून घेत होते, हे मला त्यांनी विचारल्यावर दिसलं. म्हणून कलम २ ते ६ ची एक प्रत आणि काशिरामांचा तो कागद, असं पाकीट करून प्राचीताई आजच हौसाबाईंच्या घरी पोचवतील. दुसरी प्रत, मोबाईलसह, रामूच्या दुकानात. शस्त्रक्रियेतून उठले तर मी दोन्हीकडे तोंड दाखवायला जाईन. ते तोंड त्यांनी पाहावं, अशी अट नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्यानं वाचून पाहिला आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: नवीन पनवेल
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) विनिता अरविंद दिघे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. प्रांजल कर्णिक. लिहून देणार माझ्या तपासणीत पूर्ण शुद्धीवर आढळल्या.
२. (सही) कोमल नाईक, शेजारी

सह्यांच्या खाली लिहिलेल्या ओळींना कायद्यात किंमत नसते, असं प्राचीताई म्हणतात. पुढचं मागायचा मला हक्कच नाही, म्हणून ते इथे लिहिते आणि हेच पाकिटावरही लिहिलं आहे.

हौसाबाई, तुम्हाला हे कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. परेश घरातच आहे, तो वाचेल. रामू नको म्हणालात तर परेशनंच वाचावं, खरं कळायचं अडू नये. पण त्याआधी एकदा रामूला निरोप धाडा, त्याला उंबऱ्याच्या आत घ्या, आणि हा कागद त्याच्या तोंडून ऐका. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. तरी बोलवा.