ओढणी घट्ट बांधली होती

इंदुरी, मंगळवार संध्याकाळ

जगला तो! ढाक्याहून माझ्या रूममेटचा, नसरीनचा, आज मेसेज आला. गोळी लागलेल्या त्या विद्यार्थ्याला दवाखान्यातून घरी सोडलंय, कुबड्या घेऊन चालतोय म्हणे. मी ओट्यापाशीच मटकन बसले आणि रडले.

आबा धावत आले. "काय झालं गं?"

मग सगळं सांगून टाकलं. कर्फ्यू लागायच्या आदल्या दिवशी तिथल्या आमच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलसमोर आंदोलन करणाऱ्या पोरांवर गोळीबार झाला. एक जण फाटकात येऊन कोसळला, मांडीतून रक्त वाहत होतं. मी कसली डॉक्टर, नुकती दुसऱ्या वर्षात गेलेली! ओढणी करकचून बांधली आणि रिक्षा येईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली. कॉलेज बंद झालं म्हणून घरी आल्यापासून सारखं तेच मनात, ओढणी नीट बांधली होती ना मी? बांधली होती.

घरी बोलले नव्हते, कारण आल्या दिवसापासून आबांचं एकच चाललेलं, "लय झालं. आता तिकडं न्हाई जायचं. हितंच शीक काय ते."

आज मात्र ते माझ्याशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "त्याच्या आईला कुणी कळवलं व्हतं का?"

"मीच केला फोन, आबा. मोडक्यातोडक्या बंगालीत."

"बरं केलंस."

उपरण्याने डोळे पुसत ते उठले आणि दारातून वळून म्हणाले, "कालेज कधी उघडतंय तुझं?"