धुतलेला दात

शनिवार, संध्याकाळ

चार शनिवार इथे नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टजवळच्या चुनखडीच्या खाणीत घालवल्यावर आज मोसासॉरचा, म्हणजे समुद्रातल्या त्या अवाढव्य सरड्याचा, दात सापडला. आणि मी काय केलं? आनंदाच्या भरात बाटलीतल्या पाण्याने ब्रश मारून चकचकीत धुतला.

माझ्या प्रबंधाचे गाईड विम यांनी तो हातात घेऊन विचारलं, "याला चिकटलेली चुनखडी कुठे गेली?"

दात कड्याखालच्या ढिगाऱ्यात पडला होता. वरच्या कुठल्या थरातून आला, ते त्या चुनखडीवरूनच कळलं असतं. थर माहीत नसेल तर तो माझ्या प्रबंधात चालत नाही. दुसरा दात माझ्याकडे नाही आणि खाणीत जायची परवानगी आज संपली. धुवायची एवढी कसली घाई होती?

फोनवर बाबा हसले. "म्हणजे दात घासून आणलास." मग समजुतीने म्हणाले, "अगं, आपल्या घरात एवढं शिकलेली तू एकटी. लिही की अंदाजाने. कोण बघायला येतंय?"

कुणीच नाही. तेच तर.

लेबलवर 'थर' या शब्दापुढे पेन टेकवून अर्धा तास बसले. शेवटी 'माहीत नाही' लिहिलं. लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.