डाव्या पायाची ऊब

३ बहमन १३५२ फसली (डिसेंबर १९४२), नांदेड

थंडी कडक. अण्णांच्या पायाचा अंगठा काळा पडला. अहमदपूरहून मोटारीनं आणलं तेव्हा नुसता निळा होता. पायातल्या रक्ताच्या नळ्या आतून बुजत चालल्यात, घोट्याशी नाडी लागत नाही. बीडीनं झालं; सोडली म्हणतात. थोरला भाऊ, त्यात गावी शेतावर हुकूम चालवायची सवय. उशीखाली हात घालून बघायची माझी छाती नाही, डॉक्टर झालो तरी.

वहिनी वीट तापवून त्यांच्या पायाला शेक द्यायला निघाल्या होत्या. ओरडलो. रक्त नसलेल्या पायाला चटका कळत नाही, कातडी भाजून निघते. वीट फडक्यात धरून तशाच उभ्या. "मग मी काय करू, भाऊजी?"

५ बहमन

हैदराबादला ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या सरांचं म्हणणं तेच: मांडीतून पाय कापावा, जीव वाचेल. दुसरा मार्ग, कमरेजवळचा मज्जातंतू तोडणं. तो नळ्या आवळून धरतो; तोडला की बारीक नळ्या सैल होऊन रक्त वाट काढतं म्हणे. सरांनी मागंच लिहिलं होतं, "आधी जनावरावर दाखव. मग तुझ्या भावाला टेबलावर घेतो."

पहिली बकरी भुलीतच गेली. दुसरीचे टाके पिकले. आज तिसरी. अण्णांसारखं रक्त तुटावं म्हणून मागच्या दोन्ही पायांच्या धमन्या बांधल्या, मज्जातंतू फक्त डाव्या बाजूचा तोडला. आता डावा ऊन राहिला आणि उजवा गार, तर जिंकलो. दोन्ही गार, तर मुसळ केरात. कातडीची उष्णता मोजायचं यंत्र इथं कुठलं? हाताच्या पाठीवर भरवसा.

बकरी परसातल्या पडवीत. ओरडत नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

८ बहमन

डावा ऊन!! उजवा थंडगार. काल सकाळीही तसंच, पण लिहायचं धाडस झालं नाही.

सरांना तार केली. अण्णांना सांगितलं. फार दिवसांनी हसले. "लई झालं बघ. बकरीचा वाचवलास, आता माझा वाचव." वहिनींनी बकरीला गूळ चारला.

११ बहमन

सरांची तार: चौदाच्या संध्याकाळच्या गाडीनं निघा.

आज चहा न घेताच पडवीत गेलो. वहिनी बकरीपाशी बसलेल्या, गरम वाळूची पुरचुंडी तिच्या डाव्या पायावर धरून. फडकं अण्णांच्या धोतराचं.

"हे काय करून राहिलात?"

"मुका जीव हाय, भाऊजी. ह्यांच्यापायी कापून घेतलं तिनं. ह्यांना तुम्ही शेक देऊ देत न्हाई, म्हटलं हिला तरी द्यावा."

पहिल्या दिवसापासून. रोज सकाळी, मी यायच्या आधी. कमरेचे मोठे टाके त्या बाजूला, म्हणून डाव्याच पायाला.

पुरचुंडी हिसकावून भिरकावली. नको ते बोललो. वहिनी रडल्या नाहीत, सांडलेली वाळू गोळा करत बसल्या. ऊब मज्जातंतूची की वाळूची? काहीच माहीत नाही मला. आणि सरांना तार करून बसलोय.

१२ बहमन

पडवीला कुलूप. किल्ली माझ्या कनवटीला.

अण्णांना खरं सांगितलं. म्हणाले, "तिला बोलू नकोस. शेक बंद केलास न्हवं? मग ऱ्हाईल तो पाय ऊन. गार झाला तर... बघू."

पायाचं दुसरं बोटही काळवंडलं. अंगात ताप, खोलीत वास. चहा घेताना कढत चहा बोटांवर सांडला, त्यांना पत्ताच नाही. हाताची बोटंही चालली की काय? विचारलं नाही.

१३ बहमन

सकाळी डावा पाय कालच्यापेक्षा गार वाटला. दुपारी नाही वाटला. उन्हामुळे? माझाच हात गरम होता? दवाखान्यात एका बाईला खोकल्याचं औषध दोनदा दिलं.

१४ बहमन

अण्णा हट्टाला पेटले, "मला नेऊन दाव." खुर्चीवर बसवून पडवीत नेलं. माझ्या आधी त्यांनीच बकरीच्या डाव्या पायाला हात लावला.

"ऊन हाय की रे! चल, निघू."

मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. परवा चहानं भाजलेली, अजून लाल.

मग मी हात लावला. उजवा गार. डावा किंचित कोमट. किंचित. आधीसारखा मुळीच नाही. की मला हवाय म्हणून कोमट? वहिनींनी हात पुढं केला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला. लावा म्हणालो नाही.

सर पहिल्यांदा हेच विचारणार, पाय ऊन होता की नाही. माझ्या एका शब्दावर ते ठरवतील, मज्जातंतू तोडायचा की मांडी कापायची. मज्जातंतू तोडूनही रक्त आलं नाही, तर सडलेल्या बोटांचं विष अंगात भिनेल आणि मांडी कापायलाही उशीर झालेला असेल.

टांगा दारात आलाय. वहिनी ट्रंक भरताहेत. अण्णांच्या वहाणांना तेल लावून फडक्यात गुंडाळल्या आणि तळाशी ठेवल्या. दोन्ही.