भाकरी, भाग दोन

३ फेब्रु. १९९८, मंगळ.
इथल्याच मल्लेश्वरम भागातल्या कंपनीतून फोन. शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे प्रोग्राम करतात. ११ तारखेला, बुधवारी या, सांगलीच्या शाळेत असताना केलेलं काही असेल तर आणा. हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मग आठवलं, अक्कांपाशी कोण.
अक्कांना, माझ्या सासूबाईंना, पॅरालिसिस होऊन दोन वर्षं झाली. बोलणं गेलं, समजतं सगळं. या दोन वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे मी एकटी गेलेली नाही.
नवऱ्याला, श्रीला, सांगितलं नाही अजून.

५ गुरु.
ट्रंकेतून 'भाकरी'ची कॅसेट काढली. ८७ साली शाळेच्या छोट्या कॉम्प्युटरवर मी लिहिलेला प्रोग्राम, भाकरीचे तुकडे करत अपूर्णांक. ते मशीन कधीच भंगारात गेलं. पण मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एम्युलेटर आहे, श्रीचा पीसी त्या जुन्या मशीनचं सोंग घेतो. तेव्हा प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवत; तो आवाज साउंड कार्डातून आत घ्यायचा, त्याची फाइल करायची. एम्युलेटर त्या फाइललाच कॅसेट समजतो.
पडद्याच्या कडेला पट्टे नाचले, मग एरर. सातही वेळा. मध्ये दोनदा अक्कांची कूस बदलली, पेज भरवली.

७ शनि.
टेपरेकॉर्डरच्या हेडचा बारीक स्क्रू किंचित फिरवला. आवाज धारदार झाला आणि भाग एक लोड झाला. अकरा वर्षांनी तीच पिवळी, वाकडी भाकरी. अक्कांना दिसेल असा मॉनिटर वळवला. अर्ध्या तोंडानं हसल्या.
भाग दोनमध्ये गणितं, गुण, खरं काम सगळं. तिथं कर्कश सूर मध्येच तुटतो आणि बाईमाणसाचा आवाज. अक्कांचा.

८ रवि.
श्रीला ऐकवलं. ९२ साली तो ट्रेनिंगला हैदराबादला होता, तेव्हा अक्कांनी त्याच्यासाठी माझ्याच कॅसेटवर बोलून ठेवलेलं. पोस्टात टाकायचं राहिलं.
'श्री, मी सरी आहे. स्वल्प गुडघा धरतो.' सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडा; अक्कांच्या मराठीत कानडी असंच मिसळलेलं. मग थोडं थांबून, 'हिला इथल्या शाळेनं बोलावलंय. तू नको म्हण. ती गेली तर दिवसभर मी एकटी.'
श्री रडला. आईचा आवाज विसरायला लागलो होतो म्हणाला. फाइल जपून ठेव म्हणाला. ठेवली.
मी मात्र एकाच गोष्टीपाशी अडले. कॅसेट त्याला मिळालीच नव्हती. तेव्हा त्या शाळेच्या नोकरीला नको तो आपणहून म्हणाला होता.
आत अक्कांनी सगळं ऐकलं. उशी नीट करायला गेले तर मनगट धरलं, सोडेनात. रागवायचं तरी कुणावर.

९ सोम.
भाग दोन आठवून आठवून टाइप करतेय. सेव्ह केल्यावर एम्युलेटर टेपसारखाच किंचाळतो, टेप कुठंच नाही. पुन्हा लोड करून पाहिलं. आलं.
श्रीला बुधवारचं सांगितलं. 'आईला कोण बघणार?' 'तू,' म्हटलं. उठून गॅलरीत गेला.

१० मंगळ.
गणितं चालतात, पण सगळी बरोबर सोडवली तरी गुण शून्य. दुपारी चूक सापडली. फ्लॉपीवर दोन प्रती.
सकाळी ऑफिसला निघताना श्री दारात थांबला होता. 'उद्या किती वाजता निघायचंय?' दहा म्हटलं. 'सरी,' एवढंच. रजा टाकतो म्हणाला नाही, टाकत नाही असंही नाही.
साडीला इस्त्री करून खुर्चीवर ठेवलीय. अक्का तिच्याकडे बघतायत.