मोठ्या आकड्यांचे पत्ते

५ जानेवारी, रविवार
सलग तिसरा रविवार नबीलालचाचा आले नाहीत. त्याआधीच्या रविवारी मेंढीकोट खेळताना दादांनी बदाम समजून चौकट टाकली, चाचा त्यांना आंधळा म्हणाले, दादांनी पत्ते भिरकावले. चाळीस वर्षांचे भिडू. आई गेल्यापासून दादांना रविवारचा तेवढाच डाव. आज दुपारभर ते दाराकडे तोंड करून बसले होते. डॉक्टर म्हणतात, आहे ती नजर जपायची, वाढणार नाही.
ठरलं. मोठ्या आकड्यांचे पत्ते घरी छापायचे. तसे पत्ते बाजारात तयार मिळतात, सासऱ्यांसाठी तेच आणा, असं बायकोचं, मधुवंतीचं म्हणणं. पण ते दादांची नजर मोजून केलेले नसतात. एका आठवड्याचं काम.

९ जानेवारी
प्रिंटरचा अभ्यास पूर्ण. इंक टँकच घ्यायचा. स्वतःला विचारलं, हे दादांसाठी की प्रिंटरसाठी? प्रामाणिक उत्तर: दादांसाठी. मॉडेल मात्र फोटो छापणारं घेतलं.

१९ जानेवारी, रविवार
पहिला कॅट तयार. दादा वाटायला बसले. अंगठा जिभेला लावून पत्ते वाटायची त्यांची सवय हिशेबात धरली नव्हती. सहाव्या पत्त्याला जीभ निळी. मधुवंतीने चूळ भरायला तांब्या आणला. शाई पाण्याने विरघळते हे कंपनीने स्पष्ट लिहायला हवं होतं.
(लिहिलं आहे. पान चौदा.)

२ फेब्रुवारी
सेकंडहँड लेझर प्रिंटर आणला. इंक टँक तात्पुरता दिवाणाखाली. जाड कागद अडकतो, अर्धा कापून घातला की जातो. अर्ध्या कागदावर चार पत्ते. शिस्त म्हणून एका कागदावर चार एक्के, दुसऱ्यावर चार राजे, असे तेरा कागद. आकडे इतके मोठे केले की बदाम-चौकट जरा बारीक करावे लागले.
पाठ छापताना कागद थोडा सरकतो. प्रत्येक वेळी वेगळा. पाठीकडे कोण बघतंय? तरी मेकॅनिक तौसीफला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

९ फेब्रुवारी, रविवार
स्वतः जाऊन चाचांना आणलं. दादा-चाचा एकीकडे, आम्ही दोघं दुसरीकडे. चारही दश्श्या त्यांनी नेल्या, म्हणजे कोट. दादा किती महिन्यांनी हसले!

२३ फेब्रुवारी, रविवार
सलग तिसऱ्या रविवारी आमच्यावर कोट. चाचा आता अर्धा तास आधीच येतात. निष्कर्ष: आकडा मोठा असला की आत्मविश्वास वाढतो आणि स्मरणशक्ती सुधारते. तौसीफला तिसरा फोन. उद्या येतो.

२ मार्च, रविवार
मधुवंतीने डाव मध्येच थांबवला. पालथ्या पत्त्यांतून तिने चार उचलले, उलटले. चार दश्श्या. दश्शीचा कागद सगळ्यात जास्त सरकलेला, पाठीला बोटभर पांढरा पट्टा. चाचा पंख्याकडे बघू लागले. दादा शांतपणे म्हणाले, "पहिल्याच डावात कळलंतं की. एवढा पट्टा आंधळ्यालाबी दिसतोय."
मधुवंती म्हणाली, राहू द्या, खेळू दे त्यांना. मी ऐकलं नाही. रात्री सगळा कॅट कात्रीने कापला. खेळ प्रामाणिकच हवा.

५ मार्च
तौसीफ आला. नवा रोलर बसवला. नवा कॅट छापला. बावन्न पाठी हुबेहूब.

९ मार्च, रविवार
दादांना एकही दश्शी मिळाली नाही. पुन्हा बदाम समजून चौकट टाकली. आकडा बरोबर वाचला होता. या वेळी चाचा आंधळा म्हणाले नाहीत. उठताना पत्ता उलटापालटा करून म्हणाले, "लई ब्येस छापलंस बाबा." चहा न घेता गेले.

१३ मार्च
चाचांचा निरोप. गुडघा दुखतोय, रविवारी जमेल असं वाटत नाही. जेवताना दादा ताटाकडे बघत म्हणाले, "त्यो पट्टा परत घालता येतोय का, बघ की."
बराच विचार केला. तत्त्व एकीकडे, बाप एकीकडे. चाचांना फोन करून जुने पत्ते सापडले असं सांगितलं. खोटं बोललो. पण रविवारपर्यंत ते खरं करता येईल.

१६ मार्च, रविवार, दुपारी ४.१०
सकाळपासून दश्शीचे एकोणीस कागद. प्रत्येक मुद्दाम तिरका घातला. नवा रोलर प्रत्येक सरळ करून घेतो. तौसीफला फोन केला, जुना रोलर आहे का? उद्या बघतो म्हणाला.

४.४०
चाचा आले. चालताना गुडघा ठीक दिसला. मधुवंतीने माझ्या ड्रॉवरमधला व्हाइटनर नेला आणि चार दश्श्यांच्या पाठीवर ब्रश फिरवला. दीड मिनिट. दादांनी पत्ता खिडकीपाशी धरून बघितला आणि पसंत केला.
बाहेर डाव मांडलाय. हरायला एक गडी कमी आहे म्हणून मला तीन हाका आल्या. येतो म्हटलं, एवढा कागद निघू दे.